मानाचे वीस परवाने

पोलादपूरच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर उघडत नाही, असा तिथल्या सिस्टरचा फोन आला तेव्हा मी नेहमीचं उत्तर दिलं, बंद करून पुन्हा चालू करा. ते त्यांनी आधीच केलं होतं; गेल्या शनिवारीही मशीन असंच अडलं होतं, तेव्हा नेटचा घोळ समजून त्यांनी सोडून दिलं होतं. मग मी म्हटलं, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. त्यांनी ते इंग्रजी वाक्य एकेक शब्द लावत वाचलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे आपल्याला आत घेत नाहीत, असंच ना?"

तसंच होतं. सर्व्हर म्हणत होता, तुम्हाला द्यायला माझ्याकडे परवाना शिल्लक नाही.

मी आमच्या संस्थेच्या महाडच्या रुग्णालयात कॉम्प्युटरचं सगळं बघते. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत. रुग्णांच्या नोंदी त्या एका सर्व्हरवर असतात. टेबलांवरची मशीनं म्हणजे नुसत्या खिडक्या. पोलादपूरला खिडकी उघडली की आत महाडचा सर्व्हर दिसतो, आणि अशा प्रत्येक खिडकीला परवाना लागतो. आमच्याकडे वीस परवाने आहेत. महाडची टेबलं आणि पोलादपूरची तीन मशीनं धरून बाराचीच गरज. आठ शिल्लक असायला हवेत. मी सर्व्हरवर पाहिलं तर शिल्लक काही नाही.

शनिवार होता. शनिवारी पोलादपूरला हृदयाचे डॉक्टर येतात. मी एसटी पकडली.

दवाखान्यात पोचले तर बाकावर काकी बसल्या होत्या. या काकी कुडपणच्या अलीकडच्या एका वाडीवरच्या. चार म्हशी, थोड्या शेळ्या, उतारावरची नाचणी, मुलगा मुंबईत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. या गोळीचं तंत्र मला डॉक्टरांनीच एकदा समजावलं होतं. जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं, मागच्या सगळ्या तपासण्यांशी ताडून पाहायचं, मग गोळी किती ते ठरवायचं. त्या मागच्या तपासण्या महाडच्या सर्व्हरवर होत्या आणि काकी पोलादपूरच्या बाकावर.

त्यांनी हात पुढे करून दाखवला. कोपराखाली जांभळा डाग होता, तळहाताएवढा.

"शेळीनं शिंग लावलान् जरासं," त्या म्हणाल्या. "एवडं काय व्हायला नको व्हतं. तुजा डबा कदी उघडनार गो?"

"आज नाही उघडणार, काकी."

"मंग मला वरनं कशाला उतरवलीत?"

सिस्टर म्हणाल्या, महाडला जा, तिथं मशीन चालू आहे. काकींनी मान झटकली. महाडला गेलं की वाडीवर जाणारी गाडी चुकते, मग रात्र कुणाच्या तरी ओटीवर काढायची, आणि तोवर म्हशींची धार कोण काढणार? हे सिस्टरनाही ठाऊक होतं. त्या स्वतः त्याच बाजूच्या, उमरठच्या.

"महाडवरनं फोटो मागवू का पडद्याचा?" त्यांनी मला हळूच विचारलं, आणि लगेच भिंतीकडे बोट केलं. "पण ते तुझंच आहे ना लावलेलं?"

भिंतीवर माझं पत्रक होतं. रुग्णाची माहिती फोनवरून पाठवू नये, का पाठवू नये, पाठवल्यास कोण जबाबदार. वर्षभरापूर्वी एका मुलीचा तपासणीचा कागद तिच्या घरी कळायच्या आत गावच्या ग्रुपवर फिरला होता. त्यानंतर मी ते लिहिलं, समितीकडून मंजूर करून घेतलं आणि दोन्ही ठिकाणी स्वतः चिकटवलं. पत्रकं लिहिणं माझ्या घरातच आहे. आमच्याकडे गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकांचे गठ्ठे आले. पाणी, रस्ता, रेशन, गायरान, सगळ्यावर आईबाबांचं पत्रक असायचं, आणि शाईच्या वासात मी मुळाक्षरं शिकले. त्यामुळे स्वतः लिहिलेला नियम अडला म्हणून बाजूला सारायचा, हे मला जमत नाही. डॉक्टरांनाही नको होतं. ते म्हणाले, "या औषधाला एक फोटो पुरत नाही. वर्षाचा चढउतार बघावा लागतो. पुढच्या शनिवारी मशीन चालू करून द्या."

त्यांनी काकींना गोळी तूर्त तेवढीच ठेवायला सांगितली, डाग वाढला किंवा नाकातून रक्त आलं तर ताबडतोब महाड गाठा म्हणून बजावलं आणि पुढच्या शनिवारी बोलावलं.

काकींनी पिशवी उचलली. "मी नाय येनार आता. दोनदा आले, दोनदा परत धाडलंत. गोळी हाय घरात, ती खाईन."

मी म्हटलं, "काकी, तपासल्याशिवाय ती गोळी खाणं धोक्याचं आहे."

"मंग तू ये वर तुजा डबा घेऊन," त्या म्हणाल्या आणि गाडी लागली म्हणून निघून गेल्या.

त्या एकदा नाही म्हणाल्या की नाहीच. हे सिस्टरनी मला परतीच्या गाडीत बसवताना पुन्हा एकदा सांगितलं, जसं काही मला ऐकू आलं नव्हतं.

परवाने कुठे गेले हे शोधायला फार अक्कल लागली नाही. चिडायला मात्र भरपूर वाव मिळाला.

आमची संस्था वाड्यावाड्यांनी मिळून काढलेली आहे. अशा संस्थेला दोन डोकी असतात. एक गावातली समिती, दुसरं मुंबई मंडळ. गावात माणसं राबतात, मुंबईत माणसं ठराव करतात. गणपतीला मुंबईकर आले की रुग्णालयाच्या सभागृहात वार्षिक सभा होते. गेल्या सभेत कुणीतरी उठून म्हणालं, कारभार आम्हाला मुंबईत बसून दिसला पाहिजे. चांगली मागणी. पारदर्शकतेवर तर मी चार पानं लिहून देईन. वर्षाकाठी एक अहवाल पाठवून ती मागणी भागली असती. पण सभेनं ठरवलं की प्रत्येक वाडीच्या मुंबईतल्या प्रतिनिधीला सर्व्हरवर खातं उघडून द्यायचं. रुग्णांच्या नोंदी त्यांना दिसू नयेत एवढं मी भांडून मिळवलं. बाकी सगळं सभेच्या मनासारखं झालं, आणि खाती वाटली कशी? मानकऱ्यांच्या क्रमानं. शिमग्यात पालखीला पहिला खांदा ज्या वाडीचा, तिला पहिलं खातं. नाव पुकारायचं, प्रतिनिधीनं पुढे यायचं, हातात नारळ आणि पासवर्डाची चिठ्ठी घ्यायची. दोन वाड्यांमध्ये आधी कोण यावरून बाचाबाची झाली, तेव्हा दोघांना एकदम बोलावून दोन नारळ दिले.

चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. परवाने यंत्रागणिक आहेत, माणसागणिक नाहीत, प्रत्येकानं एकाच कॉम्प्युटरवरून उघडा, हे मी माइकवरून सांगितलं. तेव्हा जेवणाची पानं मांडली जात होती.

यंत्रागणिक का घेतले, याचीही गंमत आहे. खरेदीच्या वेळी विकणाऱ्यानं विचारलं होतं, परवाना माणसाला हवा की यंत्राला? समितीतले जाणते म्हणाले, यंत्राला घ्या, माणसं येतात जातात, यंत्र जागेवर राहतं. ज्या तालुक्यात घराघरातलं माणूस मुंबईला आहे तिथं हे अगदी पटण्यासारखं वाटलं. फक्त यंत्रंही मुंबईला जातात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एखादं यंत्र दारात आलं की सर्व्हर त्याला परवाना देऊन टाकतो. ते यंत्र अधूनमधून डोकावत राहिलं तर परवाना आपोआप पुढे वाढतो. मुंबईकर दर रविवारी डोकावत होते. काही बघायचं नसायचं. उघडतंय ना, एवढंच.

दिवाळीनंतर पोलादपूरची जुनी मशीनं काढून नवी बसवली. नव्या यंत्राला सर्व्हर आधी तात्पुरता परवाना देतो, साधारण तीन महिन्यांचा. ती मुदत संपली आणि खरा परवाना मागायची वेळ आली, तेव्हा सगळे वाटून संपले होते.

सोमवारी सकाळी मी परवाने देणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलानं सर्व्हरचा ओळखक्रमांक मागितला. तो क्रमांक म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. मी अर्धी वाचली की खालून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा टँकर हॉर्न वाजवी, आणि तो म्हणे, "मॅडम, शुरू से." शेवटी त्यानं सांगितलं की दिलेले परवाने परत घेता येतात, पण एका वेळी फक्त एक पंचमांश.

"भैया, लाइसेंस हमारे हैं. हमने खरीदे हैं."

"जी मॅडम, आपके ही हैं."

"तो मैं अपनी चीज़ वापस क्यों नहीं ले सकती?"

"ले सकती हैं, मॅडम. एक पाँचवाँ हिस्सा."

बाकीचे, ती यंत्रं पुन्हा आली नाहीत तर, काही आठवड्यांनी आपणहून परत येतील, असं तो म्हणाला. काही आठवडे डाग वाट बघेल का, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

विसाचा पाचवा भाग चार. मला तीन हवेत. म्हणजे ते चार निवडताना चुकून चालणार नव्हतं. आणि सर्व्हरवर नावं कशी दिसतात? डेस्कटॉप, पुढे एक रेघ, पुढे कसलीही सात अक्षरं. कुठलं महाडच्या प्रयोगशाळेतलं आणि कुठलं बोरिवलीतल्या बैठकीच्या खोलीतलं, काही कळत नाही. महाडची नावं मी टेबलाटेबलावर फिरून लिहून घेतली. उरलेल्यांसाठी मुंबईला फोन सुरू केले.

"काका, तुमच्या लॅपटॉपचं नाव काय?"

"नाव? लॅपटॉपचं बारसं करतात का आता?"

दुसरे एक काका गुडघ्यांसाठी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर आले होते. त्यांनी पाण्यातूनच फोन घेतला आणि सांगितलं की लॅपटॉप सुनेकडे आहे, सून ऑफिसात आहे, आणि पाणी आज छान तापलंय.

दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. बहुतेकांनी एकेकच यंत्र वापरलं होतं. दोघांनी दोन-दोन. एका गृहस्थांनी तीन. लॅपटॉप, फोन, आणि मुलीनं दिलेला टॅबलेट. हे मुंबई मंडळाचे अध्यक्ष, आणि काकींच्याच वाडीचे. नात्यानं त्यांचे चुलतदीर.

मी ठरवलं, ज्याच्याकडे एकाहून जास्त त्याचे वरचे काढायचे. प्रत्येकाला एक राहील, कुणाचं खातं बंद पडणार नाही. याहून न्याय्य काय असतं? मुंबई मंडळाच्या ग्रुपवर मी तसं पत्रकच टाकलं, कुणाचे किती काढणार ते धरून. आठ ओळींचं. दवाखाना आधी, डोकावणं नंतर, हे त्यातलं शेवटचं वाक्य. मला ते आवडलं होतं.

अध्यक्षकाकांचा फोन लगेच आला.

"पोरी, पालखीला पहिला खांदा कुणाचा?"

"तुमच्या वाडीचा."

"मग पहिला हात आमच्यावर का?"

"काका, तुमचे तीन आहेत. मी दोन काढतेय. एक ठेवतेय."

"दोन काढणार हे ग्रुपवर सगळ्यांना दिसलं ना? शिमग्याला मी गावात पाय ठेवला की विचारतील, काय अध्यक्ष, तुमचं काढलं म्हणे."

"काढलं तर काय होतं? ते तुम्ही वापरत नाही."

"वापरायचं काय त्यात? मान वापरायला असतो का?"

माझा आवाज चढला. मी म्हटलं की मानाच्या नावाखाली आपण एका दवाखान्याचं दार बंद करून बसलोय. ते म्हणाले, भाषण नको. मग मऊ आवाजात म्हणाले, "असं कर ना. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा सांगतो, सर्व्हरमधली कसलीशी नोंद उडवली की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. कुणाचंच काढायला नको."

ती युक्ती मलाही माहीत होती. निम्म्या राज्यात तीच चालते. म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूसाठी चोरवाटेनं आत शिरायचं, का, तर नारळ वाटताना कुणी ऐकलं नाही म्हणून. मी नाही म्हटलं. देखभालीसाठी माझ्याकडे सर्व्हरचं एक मागचं दारही आहे, त्याला परवाना लागत नाही. पण त्यातून जाणाऱ्याच्या हाती सगळ्या कपाटांच्या किल्ल्या येतात. ते दार रोजच्या कामाला उघडं ठेवायचं नाही, यावरही मी ठाम होते. काका म्हणाले, "तुझ्या बापासारखीच आहेस. त्यानंही एकदा पाण्याच्या टाकीवरून असाच वैताग आणला होता."

आता माझी खरी अडचण सांगते. परवाने तर मी त्यांच्या संमतीशिवायही काढू शकत होते. पण काकींना खाली कोण बोलावणार? वाडीवर रेंज नाही. निरोप वर जातो तो मुंबईमार्गे. मुंबईतला माणूस संध्याकाळी फोन लावतो, वाडीतलं कुणीतरी त्या वेळी सड्याच्या, माथ्यावरच्या उघड्या कातळाच्या कडेला रेंजमध्ये उभं असतं, ते घरोघर सांगतं. काकींचा मुलगा त्या महिन्यात कंपनीच्या कामाला परराज्यात होता. मी त्याला फोन लावून पाहिला, लागला नाही. उरले कोण? हेच अध्यक्षकाका. त्यांचा मान काढून घ्यायचा आणि त्यांच्याच हाती निरोप द्यायचा.

मी राग गिळून म्हटलं, "काका, परवान्याचं राहू दे. तुमच्या वहिनींना शनिवारी पोलादपूरला पाठवा. त्यांच्या हातावर हा एवढा डाग आहे. त्या येणार नाही म्हणाल्यात."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कसला डाग?"

मी सांगितलं. गोळीचंही सांगितलं, जास्त झाली तर काय, कमी झाली तर काय. मशीन का उघडत नव्हतं तेही पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी ऐकलं.

"हे तुझ्या त्या पत्रकात कुठं होतं?" ते म्हणाले.

"रुग्णाचं नाव ग्रुपवर लिहीत नाहीत, काका. तुम्ही घरचे म्हणून सांगतेय."

"हं. निरोप देतो. ती माझं ऐकेल असं नाही. बाकीचं नंतर बघू."

बाकीचं नंतर बघायला मी थांबले नाही. शुक्रवारी दुपारी त्यांचे दोन आणि दुसऱ्या दोन गृहस्थांचा प्रत्येकी एक असे चार परवाने परत घेतले. सर्व्हरवर शिल्लक चार दिसली. शनिवारी पहिल्या गाडीनं पोलादपूरला पोचून पाहते तर तीन. मधल्या वेळात कुणा जावयाच्या टॅबलेटनं एक पटकावला होता. माझा सात्त्विक संताप सिस्टरनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तीन आहेत ना? मग लाव की पटपट, अजून जावई असतील."

तिन्ही मशीनं लावली. तिन्ही उघडली. काकींची नोंद पडद्यावर आली, वर्षभराची रेघ, शेवटच्या तीन महिन्यांत वर वर सरकलेली. डॉक्टर आले. बाक भरलं. वरून येणारी गाडी आली आणि उतरणाऱ्यांत काकी नव्हत्या.

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मशीन चालू करणं एवढंच माझं काम, असं कुणीही म्हणालं असतं. मला ते स्वतःशी म्हणता येईना. डॉक्टर निघायच्या जरा आधी एक जीप थांबली. मागे दुधाचे कॅन आणि त्यांच्यामध्ये काकी.

"गाडी सोडलान् डायवरनं माज्या डोळ्यांदेखत," त्या उतरता उतरता म्हणाल्या. "हाय का उघडा तुजा डबा?"

"उघडा आहे."

रक्त घेतलं. डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट फिरवलं, आजचा आकडा पाहिला आणि दोन दिवस गोळी बंद, मग आधीपेक्षा कमी, आठवड्याभरात पुन्हा तपासणी, असं लिहून दिलं. मला ते हळू आवाजात म्हणाले, "अजून महिनाभर तेवढीच घेतली असती तर कठीण होतं." सिस्टरनी गोळीचं काकींना तीनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तेवढ्यात अध्यक्षकाकांचा फोन आला. "वहिनी आली का?"

"आल्यात."

"बरं. आणि ऐक, माझं तिन्हींवर अजून उघडतंय. तुला काही काढता आलेलं दिसत नाही."

हेही खरं होतं. सर्व्हरनं परवाना परत घेतला तरी यंत्राजवळची त्याची प्रत मुदत संपेपर्यंत चालतच राहते. म्हणजे आठवडाभर ज्याच्यावरून मान-अपमान झाला ते त्यांच्या घरातून अजून गेलंच नव्हतं. हे समजावायला मी तोंड उघडलं, पण काकींनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"भावजी, काय ते तुमचं हाय ना, ते देऊन टाका हिला. ... मला नाय ठाव काय ते. पन त्याच्यापायी मी तीनदा उतरले. ... हां, गोळी कमी केली. ... शिमग्याला या, मंग बोलू." आणि तोंडानं न बोलता त्यांनी मला खुणेनं विचारलं, हे बंद कसं करायचं.

शिमग्याला मुंबईकर आले. गावच्या बैठकीत परवाने माणसागणिक करून घ्यायचा आणि मुंबईची खाती बंद करायचा ठराव मी मांडला. पहिला अर्धा मंजूर झाला. दुसऱ्यावर पालखी निघायची वेळ झाली म्हणून चर्चा थांबली. काकी त्यानंतर दर खेपेला खाली येतात, मात्र आधी चुलतदिरांकरवी फोन करवून मशीन उघडतंय का ते विचारून घेतात. उघडतंय असं मी स्वतः लावून पाहिल्याशिवाय सांगत नाही. डाग पिवळा होत होत गेला.